थिनर उडतं तेव्हा रंग वाहतो

गनचा शेवटचा हात फिरला की काम संपलं असं आपण धरतो. पण थर चिकट होईपर्यंत त्यातला रंग आतल्या आत फिरत असतो, आणि फिनिश बिघडतं ते नेमकं तेव्हाच.

आमच्या शेडमध्ये ऐन एप्रिलात राखाडी कपाटांचं काम होतं. नेहमीचं थिनर संपलेलं. दुकानदाराने ‘तेच समजा’ म्हणून दुसरं दिलं. ते फार लवकर उडणारं निघालं. पहिल्या पल्ल्यावर बॅटरी तिरकी धरली, तर पत्राभर मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी: कडा काळपट, मध्य फिका. सगळे पल्ले घासून पुन्हा रंगवले.

थिनर उडताना वरचा पापुद्रा थंड होतो, दाटतो. त्याचा पृष्ठताण वाढतो आणि तो शेजारचा रंग स्वतःकडे ओढतो. रिकाम्या जागी खालून ताजा रंग वर येतो, पसरतो, कडेला पुन्हा खाली जातो. हलके, बारीक कण या प्रवाहाबरोबर वाहत कडांना जमतात, जड कण मागे राहतात. असे षटकोन फ्रान्सच्या आंरी बेनार यांनी 1900 मध्ये तापवलेल्या पातळ थरात पाहिले होते. ते पृष्ठताणामुळेही उठतात, हे पिअर्सन यांनी 1958 मध्ये गणिताने दाखवलं.

म्हणून मिश्र छटेचा रंग असेल तर थर चिकट होत असताना कोपऱ्यात बोटाने थोडा चोळून बघा. चोळलेली जागा वेगळ्या छटेची दिसली, तर कण वेगळे झाले आहेत. पुढचा पल्ला मारू नका. उन्हाळ्यात सावकाश उडणारं थिनर घ्या. पावसाळ्यातही तेच, कारण थंड पापुद्र्यावर दमट हवेतलं पाणी बसलं की लॅकर पांढरट पडतं.

जाडीचा हिशेब मात्र डोक्यात पक्का हवा. थर निम्मा केला की गनचे उंचवटे सपाट व्हायला आठपट वेळ लागतो, तोवर थर सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत राहतो. उलट उभ्या पल्ल्यावर थर दुप्पट झाला तर खाली वाहणारा रंगही आठपट, म्हणजे ओघळ ठरलेलेच. नमुना आडव्या तुकड्यावर मारून ‘छान आला’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पल्ला उभा रंगवणार असाल तर नमुनाही उभाच मारा, त्याच थिनरने, त्याच दुपारी.