संगणकाला जोडावयाचा रेडिओ : निवड कशी करावी?

रेडिओ संचात हवी ती कंप्रता निवडणे, संदेश वेगळा करणे व त्याचे ध्वनीत रूपांतर करणे ही कामे पूर्वी निरनिराळी विद्युत मंडले करीत. आता यांपैकी बहुतेक कामे संगणकातील आज्ञावलीकडे सोपविता येतात. ग्राहक संचाने लहरींचे अंकात्मक नमुने घेऊन ते यूएसबी मार्गाने संगणकाला पुरवावेत, एवढेच त्याचे काम उरते. पुणे जिल्ह्यात खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तेथेही आलेल्या लहरींचे अंकांत रूपांतर करून पुढील प्रक्रिया संगणक करतात. तत्त्व तेच, प्रमाण निराळे. अंगठ्याएवढ्या संचामुळे हे तत्त्व शिंदखेडा, दोंडाईचा यांसारख्या गावांतील विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आले आहे. परंतु घाईने खरेदी केलेला संच पुष्कळदा कपाटात पडून राहतो. म्हणून निवडीचे मुद्दे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम उद्देश, मग संच

रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप मूळची डिजिटल दूरचित्रवाणीसाठी बनविलेली होती. ती लहरींचे कच्चे नमुने थेट संगणकाकडे पाठवू शकते, हे २०१२ च्या सुमारास सर्वत्र माहीत झाले आणि स्वस्त संचांचे युग सुरू झाले. आर८२०टी ट्यूनर असलेला असा संच साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ इतका पट्टा ग्रहण करतो. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरील एफ. एम. केंद्रे, १३७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे हवामान उपग्रह आणि १०९० मेगाहर्ट्झवरील विमानांचे स्थानदर्शक संकेत या पट्ट्यात येतात. मध्यमलहरी व लघुलहरी मात्र त्याखाली असल्याने त्यांची आवड असणाऱ्याने त्यासाठी वेगळी सोय असलेलाच संच घ्यावा.

जुन्या माहितीवर विसंबून राहू नये. अमेरिकेच्या नोआ मालिकेतील ज्या उपग्रहांची चित्रे हौशी मंडळी वर्षानुवर्षे टिपत असत, ते २०२५ मध्ये बंद झाले. रशियाचे मेटिऑर उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डिजिटल पद्धतीने चित्रे पाठवितात.

पाहावयाचे तीन गुण

पहिला गुण नमुन्याची सूक्ष्मता. ८ बिटांचा संच लहरीची उंची २५६ पायऱ्यांत मोजतो, तर १४ बिटांचा १६,३८४ पायऱ्यांत. जवळच्या प्रबळ केंद्राशेजारी दूरचे क्षीण केंद्र ऐकावयाचे असेल, तर हा भेद जाणवतो. नवशिक्याला मात्र ८ बिट पुरेसे होतात.

दुसरा गुण कंप्रतेची स्थिरता. साध्या स्फटिकात दहा लाखांत ५० भागांची चूक असली, तर १३७ मेगाहर्ट्झवर सुमारे ७ किलोहर्ट्झचा फरक पडतो. तापमान-भरपाई असलेल्या दोलकात ही चूक एका भागाच्या आसपास राहते. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हे संच स्वतःही तापतात. म्हणून असा दोलक व धातूचे आवरण असलेला संचच पसंत करावा.

तिसरा गुण एका वेळी दिसणाऱ्या पट्ट्याची रुंदी. साध्या संचात ती सुमारे २.४ मेगाहर्ट्झ असते. अधिक रुंदी हवी असेल, तर संचाची किंमत वाढते आणि संगणकही वेगवान लागतो.

अँटेना व गोंगाट

महाग संचापेक्षा चांगला अँटेना अधिक उपयोगी पडतो. १३७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ५३ सेंटिमीटर लांबीच्या दोन काड्या १२० अंशांच्या कोनात आडव्या बसविल्या की काम भागते. लघुलहरींसाठी दहा मीटर तारही चालते. सौर पंपाचे नियंत्रक, इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिवे व मोबाईलचे चार्जर गोंगाट निर्माण करतात; अँटेना त्यांपासून दूर, मोकळ्या जागी असावा. संच यूएसबीच्या लांब तारेने संगणकापासून अलग ठेवावा. विजा चमकू लागण्यापूर्वी अँटेनाची तार काढून ठेवावी.

खरेदीपूर्वी नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा ग्राहक संच इंटरनेटवरून विनामूल्य वापरून पाहावा. लघुलहरींची आपली आवड किती टिकते, हे त्यावरून कळेल.

कायद्याची मर्यादा

काही संच ग्रहणाबरोबर प्रक्षेपणही करू शकतात. परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. नवशिक्याने असे संच टाळावेत. रेडिओ उपकरण बाळगण्याबाबतही नियम आहेत. म्हणून खरेदीपूर्वी केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचे प्रचलित नियम पाहावेत. पोलिसांचे किंवा इतरांचे खासगी संदेश ऐकणे, नोंदविणे अथवा पसरविणे यांपासून कटाक्षाने दूर राहावे.

ज्यांना पुढे जावयाचे आहे, त्यांच्यासाठी हौशी बिनतारी केंद्रचालकाची परीक्षा आहे; वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्यांना ती देता येते. २००१ च्या भूज भूकंपात दूरध्वनी बंद पडले असताना अशाच हौशी चालकांनी संदेशवहनास मोठे साहाय्य केले. तापीकाठच्या तालुक्यांना पुराचा अनुभव नवा नाही. शाळा व महाविद्यालयांच्या विज्ञान मंडळांनी एक साधा संच घेऊन विद्यार्थ्यांना अभ्यासाची संधी दिली, तर त्यातून संकटकाळी उपयोगी पडणारे कुशल चालकही गावोगाव तयार होऊ शकतील.