डिजिटल ट्विन शिकायचंय? आधी विहिरीवरचा पंप बघा

निकाल लागले की मालेगावातल्या पालकांच्या मोबाइलवर कोर्सच्या जाहिराती सुरू होतात. आता त्यात ‘डिजिटल ट्विन’चीही भर पडली आहे. पोरगं म्हणतं, भविष्य यातच आहे; बापाला चिंता फीची. कर्ज काढून कोर्स लावायची घाई करू नका.

यंत्राचं संगणकावरचं त्रिमितीय चित्र म्हणजे ट्विन नव्हे. खऱ्या यंत्रावरच्या सेन्सरची माहिती सतत त्या मॉडेलपर्यंत पोहोचली आणि त्यावरून बिघाडाचा अंदाज आला, तर तो ट्विन. १९७० साली अपोलो १३ची ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा नासाने जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये यानाची स्थिती उभी करून उपाय तपासले. या कल्पनेचं मूळ तिथे सांगतात. आपल्या नागपूर मेट्रोने बांधकामासाठी फाइव्ह-डी बिम वापरलं, म्हणजे त्रिमितीय आराखड्याला वेळापत्रक आणि खर्च जोडला. ट्विनच्या अलीकडची ही पायरी.

सुरुवात शेतातून करा. एक चौरस मीटर तळाची टाकी घ्या. पंप मिनिटाला ५० लिटर पाणी फेकत असेल, तर पातळी मिनिटाला ५ सेंटिमीटर चढायला हवी. टाकीवर अल्ट्रासोनिक सेन्सर लावा, ईएसपी-३२ बोर्डाने आकडे संगणकात घ्या. पातळी साडेतीननेच चढतेय? फूटव्हॉल्व्ह गळतोय, व्होल्टेज पडलंय की विहीर खाली गेलीय? इथेच खरी गंमत आहे. श्रावणात भरलेल्या विहिरीवर बसवलेला हिशेब मे महिन्यात चालत नाही. पाणी खोल गेलं की पंपाचा उपसा घटतो. विहिरीची पातळी मॉडेलमध्ये घेतली नाही, तर ते उन्हाळाभर खोटा बिघाड दाखवत राहील. हे लाइनची वाट बघत पंपावर बसलेल्या पोराला चटकन कळतं.

शाखेचं म्हणाल, तर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन, काहीही चालेल. कॉम्प्युटरच हवं असा हट्ट नको. दहावीनंतर वाशिमच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला जाता येतं. सोबत पायथन शिका. फ्रीकॅड, नोड-रेड फुकट मिळतात. एनपीटीईएलवर शिकणंही मोफत, पैसे फक्त परीक्षेचे.

पहिल्या नोकरीच्या पत्रावर मात्र ‘डिजिटल ट्विन इंजिनीअर’ असेलच असं नाही. बहुधा कॅड, बिम किंवा मेंटेनन्सचं काम मिळेल. ते नाकारू नका. मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटांसोबत टाकीचे पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले आकडेही न्या, आणि अंदाज कुठे चुकला, का चुकला, तेही सांगा.