शिवणीतील माया

डिसेंबर महिना लागला, की अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कडाक्याची थंडी पडते. तळी गोठून जातात आणि घरांच्या छपरांवर बर्फाचे थर साचतात. नाताळच्या आदल्या रात्री तेथील अनेक घरांत एक गमतीचा देखावा दिसतो. भिंतीतील शेकोटीजवळ रंगीत कापडाचे मोठमोठे मोजे टांगलेले असतात. हे मोजे पायांत घालायचे नसतात. मुले झोपी गेली, की वडील माणसे त्यांत खाऊ, संत्री आणि लहानसहान खेळणी भरून ठेवतात. सकाळी उठून मुले पाहतात, तो रिकामे मोजे टम्म फुगलेले!

ही चाल कशी पडली, याविषयी एक आख्यायिका आहे. चौथ्या शतकात मायरा नावाच्या नगरात निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. हे स्थान आज तुर्कस्तानात आहे. एका निर्धन गृहस्थाला तीन मुली होत्या. हुंड्याला पैसा नसल्यामुळे त्यांची लग्ने होत नव्हती. निकोलसांच्या कानी ही गोष्ट गेली. उघडपणे पैसे दिले, तर त्या गृहस्थाला चारचौघांत मान खाली घालावी लागेल, हे त्यांनी जाणले. म्हणून ते रात्रीच्या अंधारात गेले आणि खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून निघून आले. मागाहून लोक असेही सांगू लागले, की एक थैली वाळत घातलेल्या मोज्यातच पडली. पुढे २३ डिसेंबर १८२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील एका वृत्तपत्रात एक कविता प्रसिद्ध झाली. तीत असे टांगलेले मोजे होते. त्या कवितेमुळे ही चाल अमेरिकेत घरोघरी ओळखीची झाली.

परंतु मुलांनो, मोजा टांगला तरी तो भरणारे कोणी प्रत्येक घरी असतेच असे नाही. कोठे घरातील मिळवते माणूस आजारी असते, तर कोठे मुलांना आईवडीलच नसतात. अशा मुलांसाठी चर्चमधील स्त्रिया एकत्र जमून मोजे शिवतात. ख्रिस्ती समाजात अशा सेवेची परंपरा जुनी आहे. बायबलमध्ये यापो नगरातील दुर्कस नावाच्या स्त्रीची कथा आहे. ती विधवांसाठी वस्त्रे शिवीत असे. ती वारली, तेव्हा तिने शिवलेले अंगरखे दाखवीत त्या विधवा रडल्या. तिचेच नाव धारण करून एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत शिवणकाम करणारी अनेक मंडळे निघाली.

चला, अशाच एका मंडळाच्या बैठकीला आपण मनाने जाऊ या. सप्टेंबर महिना आहे. चर्चच्या तळघरात लांब मेजांभोवती दहाबारा स्त्रिया बसल्या आहेत. काही जणींबरोबर त्यांच्या मुलीही आल्या आहेत. मोजे वेळेवर पोहोचावेत, म्हणून काम आतापासूनच सुरू झाले आहे. एक जण पुठ्ठ्याचा नमुना कापडावर ठेवून खडूने आखते, दुसरी कापते, तिसरी शिवणयंत्र चालवते आणि चौथी इस्त्री करते.

काम सोपे दिसते, पण त्याचीही एक रीत आहे. कापडाच्या सुलट बाजू एकमेकींवर येतील अशी घडी घालून मग दोन्ही भाग एकदमच कापावे लागतात. तसे न केल्यास दोन्ही पावले एकाच दिशेला वळतात आणि ती जुळत नाहीत. मग वरचे तोंड मोकळे ठेवून कडेने टीप घालतात. टाचेच्या बाकाला कात्रीने बारीक चिरा देतात, म्हणजे मोजा उलटवल्यावर तेथे चुण्या पडत नाहीत. टीप अगदी कडेवर घालायची नसते. तिच्या पलीकडे सुमारे अर्धा इंच कापड राखून ठेवायचे असते. आपल्याकडचे शिंपी या राखलेल्या कापडाला ‘माया’ म्हणतात. माया कमी पडली, की कडेचे धागे निसटतात आणि शिवण उसवते.

त्या मुलींपैकी बारा वर्षांच्या एका मुलीने मायेला कापड सोडलेच नाही. तिने भराभर टीप घातली आणि मोजा पुढे केला. एका वृद्ध बाईंनी त्यात दोन संत्री टाकली आणि तो खिळ्याला अडकवला. पाहता पाहता शिवण उलगडली व संत्री जमिनीवर घरंगळत गेली.

मुलगी ओशाळली. तरीही ती म्हणाली, “पण आजी, हे मोजे तर फुकटच द्यायचे आहेत ना?”

“म्हणूनच तर ते अधिक चांगले शिवायला हवेत, बाळ,” बाई शांतपणे म्हणाल्या. “ज्या मुलाला हा मोजा मिळेल, त्याच्या अंगावर वर्षभर दुसऱ्यांनी वापरून टाकलेले कपडे असतील. ही एक वस्तू तरी पहिल्या टाक्यापासून त्याच्यासाठी शिवलेली असावी. नाताळच्या दिवशी तीच त्याच्या हातात उसवली, तर त्याला काय वाटेल?”

मुलीला उत्तर सुचले नाही. आता राखायला कापडच उरले नव्हते, म्हणून तिने नवे कापड घेतले. या वेळी तिने खडूने दोन रेघा आखल्या, एक कापण्यासाठी आणि एक शिवण्यासाठी. बाहेर अंधार पडू लागला, तरी ती जागची उठली नाही.

डिसेंबरात त्या मोज्यांत लोकरीचे हातमोजे, कंगवा, पेन्सिली आणि खाऊ भरला जातो व ते गरजूंपर्यंत पोहोचवले जातात. त्यांवर शिवणाऱ्याचे नाव नसते. आपला मोजा कोणाला मिळाला, हे त्या मुलीला कधी कळणार नाही. आणि तो कोणी शिवला, हे घेणाऱ्या मुलालाही कळणार नाही. या हाताचे त्या हाताला कळू न देता केलेले हे दान आहे.

आपल्या आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलेली तुम्ही पाहिली असेल. तिच्या आतले थर वरून दिसत नाहीत, पण ऊब त्यांचीच असते. शिवणीतील मायाही वरून दिसत नाही. मात्र तिच्यावाचून शिवण टिकत नाही. दुसऱ्याला काही देताना आपण ती राखली आहे ना, हे ज्याचे त्याने पाहावे.

स्वाध्याय
१. निकोलस यांनी सोन्याची थैली रात्रीच्या वेळी का टाकली?
२. मोजा शिवताना माया राखणे आवश्यक का असते?
३. ‘म्हणूनच तर ते अधिक चांगले शिवायला हवेत,’ असे वृद्ध बाई का म्हणाल्या?
४. ‘माया’ या शब्दाचे दोन अर्थ सांगा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.