ऐकणारी मुले सांगती कशी होतील?

प्रश्न : दुसरीच्या वर्गातील मुले गोष्ट आवडीने ऐकतात, परंतु स्वतः सांगण्याची वेळ आली की गप्प होतात. शिक्षकांनी काय करावे?

उत्तर : गोष्ट सांगताना घटनांचा क्रम लक्षात ठेवणे, शब्द निवडणे आणि श्रोत्यांचे भान राखणे ही तिन्ही कामे मुलाला एकाच वेळी करावी लागतात, म्हणून प्रारंभ पुनर्कथनाने, म्हणजे ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगण्याने, व्हावा. गोष्टीतील चार प्रसंगांची चित्रे क्रमाने लावून मुलांनी ती आधी जोडीदाराला, मग लहान गटाला आणि शेवटी वर्गाला सांगावी, कारण श्रोते हळूहळू वाढले की संकोच ओसरतो. त्यानंतर गोष्टीचा शेवट बदलण्यास वाव द्यावा. मूल अहिराणी, वारली किंवा अन्य घरच्या बोलीत बोलत असेल, तर त्याला मध्येच थांबवून शब्द दुरुस्त करू नयेत; गोष्ट संपल्यावर शिक्षकांनी तीच प्रमाण मराठीत सांगितली, तर दोन्ही भाषारूपे त्याच्या कानी पडतात.

१९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात शिक्षकाच्या प्रयोगात गोष्टीला आरंभापासूनच महत्त्वाचे स्थान दिले आहे, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या परिसराला व भाषेला शिक्षणात स्थान दिले. शिक्षकांनी दररोज दहा मिनिटे मुलांच्या गोष्टींसाठी राखावीत, आणि त्या वेळेत कोणालाही गुण देऊ नयेत.