परदेशातून जुनी मोटार मागवताना : स्वस्त भाव आणि खरी किंमत

आखाती देशांत व पूर्व आफ्रिकेत रोजगारासाठी गेलेल्या आपल्या बांधवांकडून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. जपानमधील वापरलेली मोटार स्वतःच मागवली तर ती स्वस्त पडते काय? याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र जाहिरातीतील भाव हा खर्चाचा पहिला आकडा असतो, शेवटचा नव्हे. अनेकांची कित्येक वर्षांची बचत या दोन आकड्यांमधील फरकात अडकते. म्हणून या व्यवहाराची माहिती येथे क्रमाने देत आहोत.

जपानची गाडी स्वस्त का?

जपानमध्ये खाजगी मोटारीची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी व त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. तपासणीचा खर्च बराच येत असल्यामुळे पुष्कळ मालक चांगल्या स्थितीतील गाडीही विकून टाकतात. शिवाय तेथे वाहने डाव्या बाजूने चालतात व स्टिअरिंग उजवीकडे असते. त्यामुळे केनिया, युगांडा, टांझानिया अशा देशांत या गाड्यांना मोठी मागणी आहे. मोंबासा व नैरोबी येथे स्थायिक झालेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांना हा बाजार परिचयाचा आहे.

गाडीची परीक्षा

गाड्यांची विक्री मुख्यतः लिलावात होते. लिलावात फक्त सभासद बोली लावू शकतात, म्हणून खाजगी ग्राहकाला निर्यातदारामार्फतच खरेदी करावी लागते. प्रत्येक गाडीसोबत तपासनिसाचा एक तक्ता असतो. हा मूळ तक्ता मागून घेणे हा ग्राहकाचा पहिला धडा होय. त्यावर गाडीला दर्जा दिलेला असतो. सर्वसाधारणपणे ४ किंवा ४.५ म्हणजे चांगली गाडी, ३.५ म्हणजे बऱ्यापैकी वापरलेली. ‘आर’ हे अक्षर दिसले तर गाडी अपघातानंतर दुरुस्त केलेली आहे असे समजावे. चित्रावर ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘एस’ म्हणजे गंज. असा तक्ता देण्यास जो टाळाटाळ करतो, तो गाडीचा ऐब लपवत आहे असे मानण्यास हरकत नाही.

दुसरी बाब सुट्या भागांची. जे मॉडेल आपल्या गावात कोणी चालवत नाही, त्याचा साधा भागही महिनोन् महिने मिळत नाही. सौदा ठरवण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला विचारावे. त्याचा सल्ला निर्यातदाराच्या छायाचित्रांपेक्षा मोलाचा असतो.

भावाचे तीन प्रकार

‘एफओबी’ भाव म्हणजे गाडी जपानच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा भाव. ‘सी अँड एफ’ भावात जहाजाचे भाडे येते. ‘सीआयएफ’ भावात भाडे व विमा दोन्ही येतात. दोन निर्यातदारांच्या भावांची तुलना करताना एकाचा एफओबी व दुसऱ्याचा सीआयएफ घेतला तर हिशेब चुकणारच.

त्यानंतर कर येतात आणि ते एकावर एक चढतात. समजण्यासाठी कल्पित दर घेऊ. गाडीचे मूल्य १०० धरले व आयात शुल्क ३० टक्के असेल, तर १३० झाले. अबकारी २० टक्के, पण ती १३० वर, म्हणजे १५६. मूल्यवर्धित कर १५ टक्के, तो १५६ वर, म्हणजे १७९.४०. दरांची बेरीज ६५, पण कर भरावा लागला ७९.४०. शिवाय कस्टमचे अधिकारी आपल्या पावतीवरील किंमत मान्य करतीलच असे नाही. केनियात नव्या गाडीच्या ठरवून दिलेल्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून मूल्य काढतात. म्हणजे गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी कर कमी होत नाही.

नियम आधी, पैसे नंतर

केनियात पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही, आणि जहाजावर चढण्यापूर्वी तपासणीचा दाखला लागतो. नियम बदलतातही. श्रीलंकेने परकीय चलन वाचवण्यासाठी २०२० साली खाजगी मोटारींची आयात थांबवली, ती २०२५ सालीच पुन्हा सुरू झाली. म्हणून गाडी बंदरात पोहोचेल त्या दिवशी नियम काय असेल, याची चौकशी अगोदर करावी.

भारतात हा मार्ग फारच अरुंद आहे. वापरलेली मोटार उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटरमध्ये असावा, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी अशा अटी आहेत. त्याशिवाय चाचणीचे दाखले लागतात. दुबई किंवा कुवेतमध्ये रस्त्यावर चालणारी गाडी डाव्या स्टिअरिंगची असते, म्हणून ती येथे निरुपयोगी ठरते. परत येणाऱ्याच्या सामानावर मिळणारी सवलत मोटारीला लागू नाही, आणि सर्व कर मिळून गाडीच्या किमतीहून अधिक होतात. तेव्हा आखातातून गाडी घेऊन येण्याचा विचार करणाऱ्या बांधवांनी ती तेथेच विकून पैसा घरी आणणे हेच हिताचे.

पैसे पाठवताना

१) पैसे कंपनीच्या नावाच्या बँक खात्यातच पाठवावेत. व्यक्तीच्या खात्याचा आग्रह झाला तर सौदा सोडावा.

२) पावतीवर चॅसिस क्रमांक पूर्ण असावा. तो लिलावाच्या तक्त्याशी व जपानच्या निर्यात दाखल्याशी जुळला पाहिजे. किलोमीटरचा आकडाही या कागदांशी ताडून पाहावा.

३) जहाजाची बिल्टी, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, आपल्या नावावर असावी. गाडी सोडवण्याचा हक्क या कागदामुळे मिळतो. नुसत्या छायाप्रतीवर विसंबू नये.

४) बंदरातील हाताळणी, कस्टम दलालाची फी, नोंदणी व घरापर्यंतची वाहतूक यांचा खर्च अगोदर लेखी घ्यावा. कागद उशिरा आले तर बंदराचे भाडे दररोज चढते.

हे सर्व आकडे एका कागदावर मांडून बेरीज करावी, आणि त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या गाडीचा स्थानिक भाव शेजारी लिहावा. फरक थोडा असेल तर स्थानिक गाडीच घ्यावी, कारण ती आपण डोळ्यांनी पाहू शकतो, चालवून पाहू शकतो, आणि विकणारा उद्याही आपल्याच गावात असतो. फरक मोठा असेल तरच बाहेरून मागवण्याचा धोका पत्करावा.