एक क्वेसार, दोन प्रतिमा

सप्तर्षींच्या तारकासमूहात ०९५७+५६१ अशा रूक्ष नावाचा एक क्वेसार आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही आणि मोठ्या दुर्बिणीतून पाहावे, तर एकाऐवजी दोन ठिपके दिसतात. मी कलाशाखेचा विद्यार्थी. गणिताशी माझी सोयरीक शाळेतच तुटली. तरीही या दोन ठिपक्यांची हकीकत मला तर्कशास्त्रातल्या धूर-अग्नीच्या उदाहरणापेक्षा अधिक रंजक वाटते.

प्रथम मूळ वाद पाहू. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूचा वर्णपट तपासला. हायड्रोजनच्या परिचित रेषा तांबड्या टोकाकडे सुमारे १६ टक्के सरकलेल्या आढळल्या. ही ताम्रच्युती विश्वाच्या प्रसरणामुळे घडली असे मानले, तर ती वस्तू दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर ठरते. म्हणजे तिचे तेज अनेक दीर्घिकांच्या एकत्रित तेजाहून अधिक हवे. पण क्वेसारांचे तेज काही महिन्यांतच कमीजास्त होते. त्यावरून त्यांचे तेजोकेंद्र अगदी लहान असले पाहिजे. एवढ्याशा जागेत एवढे तेज आले कोठून? प्रचंड कृष्णविवरात पडणाऱ्या द्रव्यातून, हे उत्तर आज सर्वमान्य आहे. त्या काळी मात्र ही अंतरेच खरी का, अशी शंका हॉल्टन आर्प, फ्रेड हॉईल आणि आपले डॉ. जयंत नारळीकर यांच्यासारख्यांनी घेतली. शंका घेणारे असे तोलामोलाचे होते, हे विसरू नये.

मार्च १९७९ मध्ये डेनिस वॉल्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील किट पीक वेधशाळेतून त्या दोन ठिपक्यांचे वर्णपट घेतले. दोहोंची ताम्रच्युती एकच, १.४१, रेषाही जुळत्या. दोघांमधले अंतर चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सुमारे तीनशेव्या भागाएवढे. हे जुळे भाऊ नव्हेत, एकाचीच दोन प्रतिबिंबे आहेत, असे त्यांनी सुचविले. लवकरच वाटेतली दीर्घिकाही सापडली. तिची ताम्रच्युती ०.३६. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो व दोन वाटांनी आपल्याकडे येतो.

आता अनुमान पाहा. भिंगातून जे दिसते, ते भिंगाच्या पलीकडेच असणार. दीर्घिका अब्जावधी प्रकाशवर्षे दूर, मग क्वेसार त्याहूनही दूर! एका उदाहरणाने सगळ्या क्वेसारांचा निकाल लागत नाही, हे आर्प यांचे समर्थक म्हणू शकत होते, आणि तर्काच्या दृष्टीने ते चूक नव्हते. पण अशी भिंगे पुढे अनेक सापडली.

दोन वाटांची लांबी सारखी नसते, त्यामुळे एक प्रतिमा दुसरीच्या मागे राहते. किती मागे, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. कोणी ४१५ दिवस म्हणे, कोणी ५४० च्या आसपास. डिसेंबर १९९४ मध्ये पहिल्या प्रतिमेचे तेज एकाएकी उतरले. ज्योतिर्विदांनी दुसरीवर नजर ठेवली, आणि १९९६ च्या आरंभी, सुमारे ४१७ दिवसांनी, तीही तशीच मंदावली.