परदेशी बाजार आणि सरकारी मदत : शेतकऱ्याने काय जाणावे?

खंडेराव मार्केटला भाजी नेणारे आमचे शेतकरी बंधू हल्ली एक प्रश्न वारंवार विचारतात : "माल परदेशी पाठविण्यासाठी सरकार पैसे देते म्हणतात. ते आम्हांला मिळतील काय?" या अंकात त्याचाच विचार करू.

सर सयाजीराव महाराजांनी 1906 च्या सुमारास ही मंडई बांधली. तेथे गिऱ्हाईक कारले हातात घेते, दाबून पाहते आणि मग भाव करते. परदेशी गिऱ्हाईक आपला माल असा पाहू शकत नाही. त्याच्यासाठी कागद आणि प्रयोगशाळा बोलतात. सरकारी मदत समजून घ्यायची तर हा फरक आधी लक्षात ठेवावा.

मदत कोण करते?

केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाखाली 'अपेडा' नावाची संस्था आहे. तिचा कायदा 1985 साली झाला व ती 13 फेब्रुवारी 1986 पासून कामाला लागली. फळे, भाज्या, तांदूळ, मांस, दुग्धपदार्थ इत्यादींच्या निर्यातीला उत्तेजन देणे हे तिचे काम. मात्र ही संस्था शेतकऱ्याचा माल विकत घेत नाही आणि भावही बांधून देत नाही. तिचे अर्थसाहाय्य प्रामुख्याने पॅकहाऊस, शीतसाखळी, गुणवत्ता तपासणी व परदेशी प्रदर्शने यांसाठी असते. ते नोंदणीकृत निर्यातदारांना, सहकारी संस्थांना व शेतकरी उत्पादक कंपन्यांना नियमांप्रमाणे मिळते. एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या हाती ते सहसा येत नाही.

जहाजभाड्याच्या अनुदानाविषयीही पुष्कळांचा गैरसमज आहे. 2015 साली नैरोबी येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत शेतमालाची निर्यात अनुदाने बंद करण्याचे ठरले. वाहतूक व विक्रीखर्चाच्या अनुदानासाठी विकसनशील देशांना 2023 अखेरपर्यंत मुदत होती. तेव्हा भाड्याचे पैसे परत मिळतील, असा हिशेब धरून कोणी कर्ज काढू नये.

कागद कोणते?

1. शेताची नोंदणी. ती बागायत किंवा कृषी खात्यामार्फत होते. द्राक्षांसाठी अपेडाने 2006 साली 'ग्रेपनेट' सुरू केले. पेटीवरील क्रमांकावरून माल कोणत्या बागेतला, हे त्यातून कळते.
2. फवारणीची वही. औषध, प्रमाण आणि तारीख त्याच दिवशी लिहावी.
3. औषधांचा अंश तपासल्याचा मान्य प्रयोगशाळेचा अहवाल.
4. माल कीडमुक्त असल्याचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र.

आयात-निर्यात परवाना क्रमांक व अपेडाची नोंदणी ही निर्यातदाराची जबाबदारी होय.

दोन धडे

2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत 'सीसीसी' या वाढरोधकाचा अंश मर्यादेहून अधिक आढळला. हे द्रव्य तेव्हा आपल्याकडील तपासणीच्या यादीतच नव्हते. माल अडला आणि बागायतदारांचे फार मोठे नुकसान झाले. म्हणून ज्या देशाला माल जाणार, त्याची चालू वर्षाची यादी फवारणीपूर्वीच मागून घ्यावी.

दुसरा धडा 2014 चा. फळमाशी व इतर किडी सापडल्यामुळे युरोपीय संघाने 1 मेपासून आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांवर बंदी घातली. आंब्यावरील बंदी 2015 च्या आरंभी उठली; भाज्यांना अधिक थांबावे लागले. काहींच्या पेट्यांत कीड निघाली, पण दार सर्वांचेच बंद झाले. ज्याने स्वच्छ माल पिकविला, त्यालाही त्याची झळ लागली.

आपण काय करावे?

एकट्याने धावू नये. 1991 साली महाराष्ट्रातील द्राक्ष सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी केली, ती याच विचाराने. गावातील दहा-वीस जणांनी एकच पीक, एकच वाण व एकच फवारणी वेळापत्रक धरले, तर निर्यातदार बांधावर येतो. भाव, प्रतवारी, पैसे देण्याची तारीख आणि नाकारलेल्या मालाचे काय, हे लेखी घ्यावे. परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडविले, तर त्यासाठी निर्यातदाराला 'ईसीजीसी' या सरकारी कंपनीचा विमा घेता येतो. तो घेतला आहे काय, हे जरूर विचारावे. "अनुदान मिळवून देतो, आधी अनामत भरा" म्हणणाऱ्यास मात्र एक पैसाही देऊ नये.

शेवटी एक आरोग्याची गोष्ट. फवारणीनंतर ठरलेले दिवस थांबूनच तोडणी करावी, हा नियम परदेशासाठी आहे असे समजू नका. जी भेंडी युरोपच्या ताटाला चालत नाही, ती आपल्या लेकरांच्या आणि खंडेराव मार्केटातील गिऱ्हाइकाच्या ताटात तरी का जावी? वही आजच घाला. माल परदेशी गेला तर उत्तमच; न गेला तरी ती वही वाया जाणार नाही.